एकाच फिल्ममध्ये दोन गॅप : अस्थिरता खरी की माझी फिल्मच खराब?

शून्यरोध · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पाषाणजवळच्या एका प्रयोगशाळेत अतिवाहकांवर, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर ज्यांचा विद्युतरोध शून्य होतो अशा पदार्थांवर, पीएच.डी. करते. गेले तीन आठवडे एका आलेखाने झोप उडवली आहे. लॅबमध्ये विचारून झालं, आता इथे विचारते.

सॅम्पल असं आहे : ॲल्युमिनियमच्या तीन फिल्म एकावर एक, आणि दर दोन फिल्मच्या मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर. म्हणजे दोन टनेल जंक्शनं झाली, पातळ ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन आरपार जातात असे सांधे. खालच्या जंक्शनमधून मी मधल्या फिल्ममध्ये क्वासीपार्टिकल (जोडी सुटलेले एकटे इलेक्ट्रॉन) ढकलते, वरच्या जंक्शनने त्या फिल्मचा गॅप वाचते. तापमान ०.३ केल्विन. खालून काहीच ढकललं नाही तर वरच्या जंक्शनचा प्रवाह ०.३६ मिलिव्होल्टला एकदम वर चढतो. दोन्ही फिल्मच्या गॅपची ही बेरीज, प्रत्येकी ०.१८. पुस्तकात असतं तसंच.

हे ढकलणं, म्हणजे इंजेक्शन, वाढवलं की ही चढाची पायरी डावीकडे सरकते. तेही अपेक्षितच. पण एका ठरावीक प्रवाहानंतर एका पायरीच्या दोन होतात, एक ०.३४ ला आणि दुसरी ०.३१ ला. फिल्म एकच, धातू एकच, मग गॅप दोन कसे?

१९७० च्या दशकातल्या शोधनिबंधांत असंतुलित अतिवाहकातल्या अस्थिरतेबद्दल वाचलंय, रेटा वाढला की एकसारखी फिल्म आपोआप वेगळ्या गॅपच्या भागांत फुटते असं. तीच दिसतेय असं मनापासून वाटतं. आणि तसं वाटतंय म्हणूनच भीतीही वाटते. तुमचं मत सांगा.

टेकडीवाला · सोमवार, रात्री ११:०५

मी आयटीवाला, पण विषय आवडला. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये दोन गॅप असतात ना? मग ॲल्युमिनियममध्ये का नसावेत?

गणिती · सोमवार, रात्री ११:५०

टेकडीवाला, ती गोष्ट निराळी. मॅग्नेशियम डायबोराइड अतिवाहक आहे हे २००१ मध्ये कळलं, ३९ केल्विनपर्यंत टिकतो. त्यात इलेक्ट्रॉनांचे दोन वेगळे पट्टे आहेत आणि प्रत्येकाचा गॅप वेगळा, साधारण २ आणि ७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. पदार्थ शांत, समतोलात असतानाही ते दोन्ही फिल्मच्या प्रत्येक बिंदूला एकत्र नांदतात. शून्यरोधच्या ॲल्युमिनियमला समतोलात एकच गॅप आहे, तिने स्वतः तो मोजलाय. बाहेरून रेटा दिल्यावर दुसरा उगवला. याचा अर्थ बहुधा असा की फिल्मच्या एका भागात एक गॅप आहे आणि दुसऱ्या भागात दुसरा.

नवीन_सदस्य · मंगळवार, सकाळी ७:१५

कृपया कोणीतरी गॅप म्हणजे काय ते माणसाच्या भाषेत सांगेल का? धागा वाचायची फार इच्छा आहे.

गणिती · मंगळवार, सकाळी ८:३०

प्रयत्न करतो. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने राहतात, त्यांना कूपर जोड्या म्हणतात. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी हे गणित मांडलं, १९७२ चं नोबेल त्यासाठीच. जोडी फोडायला किमान ठरावीक ऊर्जा लागते आणि फुटलेल्या प्रत्येक जोडीमागे दोन एकटे तयार होतात. ते एकटे म्हणजे क्वासीपार्टिकल. दर एकट्यामागे जी किमान ऊर्जा मोजावी लागते तो गॅप. ॲल्युमिनियमचा ०.१८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, शिशाचा सुमारे १.३५. जेवर यांनी १९६० मध्ये टनेल जंक्शनवर तो थेट मोजून दाखवला. शून्यरोधची पायरी म्हणजे त्याच प्रयोगाची नात.

आता महत्त्वाचं. गॅप हा काही धातूवर कोरलेला आकडा नाही, किती जोड्या जुळल्यात यावर तो ठरतो. लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. पाट जोडीने बसण्यासाठी मांडलेत. त्यांवर एकटे येऊन बसले तर तो पाट जोडप्यांना बंद. एकटे वाढले की जोड्या कमी, जोड्या कमी झाल्या की गॅप लहान. आणि गॅप लहान झाला की पुढची जोडी फोडणं आणखी स्वस्त.

सगळी गंमत त्या शेवटच्या वाक्यात आहे.

नळस्टॉप · मंगळवार, सकाळी ८:४२

म्हणजे एक लग्न मोडलं की मांडवातली बाकीची लग्नंही डळमळतात! आमच्या कार्यालयाच्या मालकांना हे आवडणार नाही.

शनिवारपेठी · मंगळवार, सकाळी १०:२०

पंगतीचा दृष्टान्त फार छान. एक विनंती आहे. 'गॅप'ला 'ऊर्जाफट' म्हणू या का? चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मराठी शब्द मिळाला की मुलांचे डोळे लकाकतात, हे रोज पाहिलंय. आणि 'नॉन-इक्विलिब्रियम'ला 'असमतोल'.

शून्यरोध · मंगळवार, दुपारी १:१०

शनिवारपेठी बाई, 'ऊर्जाफट' आवडला, प्रबंधाच्या मराठी सारांशात नक्की वापरते. लॅबमध्ये मात्र तोंडात गॅपच बसलाय, इथे तो चालवून घ्या.

हेलियमकाका · मंगळवार, रात्री ९:३०

पोरी, एकच प्रश्न विचारतो. फिल्मच्या कडा झाकल्या होत्यास का?

तीस वर्षं मी मुंबईत एका लॅबमध्ये द्रव हेलियम भरलं आणि फिल्म चढवल्या. आता कोथरूडला असतो. ॲल्युमिनियमचं बाष्पीभवन करताना टंगस्टनच्या बोटीत तुकडा वितळतो, पाऱ्यासारखा चकाकतो आणि बोटीच्या कडेवरून वर चढायला लागतो. तिथून वाफ निघते ती सरळ रेषेत, पण बोट म्हणजे काही टाचणीचं टोक नाही. मास्क (फिल्मला आकार देणारा कापलेला पत्रा) आणि काच यांच्यात केसभर जरी अंतर असलं तरी मास्कच्या कडेला अर्धवट सावली पडते. तिथे फिल्म पातळ होत होत संपते. मध्ये शंभर नॅनोमीटर, कडेला दहा, मग पाच, मग काहीच नाही.

आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव असा की फिल्म पातळ झाली की तिचं संक्रमण तापमान वाढतं. जाड तुकडा १.२ केल्विनला अतिवाहक होतो, पातळ फिल्म त्याच्याही वर. म्हणजे कडेचा गॅप मुळातच मोठा. जंक्शन कडेवरून गेलं असेल तर तू दोन फिल्म एकदम वाचतेयस. शांत असताना दोन्ही पायऱ्या एकमेकींत दडून बसतात. मधला भाग खाली ढकललास की त्या सुट्या दिसतात.

आमच्याकडे एका हुशार मुलाने असा 'दुसरा गॅप' सहा महिने मोजला होता. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली कड बघितली आणि गप्प बसला. फार वाईट वाटलं होतं, म्हणून सांगतो.

शून्यरोध · मंगळवार, रात्री ९:५५

काका... कडा झाकल्या नव्हत्या.

हेलियमकाका · मंगळवार, रात्री १०:०२

मग आधी झाक. सिलिकॉन मोनॉक्साइडचा थर दे आणि मधे खिडकी ठेव, जंक्शन फक्त खिडकीत बनेल. आणि जुन्या सॅम्पलचा शून्य इंजेक्शनचा आलेख नीट मोठा करून बघ, पायरीला उजवीकडे खांदा आहे का ते.

गणिती · बुधवार, सकाळी ७:४०

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. तरी कडा दोषी ठरल्या म्हणून अस्थिरता नाहीच असं कोणी समजू नये. थोडा इतिहास सांगतो, कारण हा वाद पन्नास वर्षांपूर्वीही अगदी असाच झाला होता.

१९७१ मध्ये टेस्टार्डी यांनी शिशाच्या फिल्मवर लेसरचे झोत टाकले आणि फिल्मला रोध आला. नुसत्या तापण्याने हे घडतं असं त्यांना वाटेना. १९७२ मध्ये ओवेन आणि स्कालापिनो यांनी गणित मांडलं : समजा जास्तीचे क्वासीपार्टिकल धातूच्या अणूंच्या जाळीच्या तापमानाला आले, पण परत जुळायला त्यांना वेळ लागतोय. मग त्यांची संख्या हाच एक स्वतंत्र आकडा होतो. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की अतिवाहक हळूहळू नाही, एकदम उडी मारून सामान्य होतो. पाणी उकळताना मारतं तशी उडी.

१९७५ मध्ये पार्करनी दुसरं टोक पकडलं. त्यांच्या मते क्वासीपार्टिकल आणि जोडी फोडू शकणारे फोनॉन (जाळीच्या कंपनांचे ऊर्जाकण) मिळून एका चढ्या तापमानाला असतात, बाकी जाळी थंड. यात गॅप हळूहळू उतरतो. उडी नाही आणि दोन गॅपही नाहीत.

दोन्ही मॉडेलं थोड्या इंजेक्शनला जवळपास सारखंच उत्तर देतात. रेटा वाढला की त्यांच्या वाटा फुटतात, आणि शून्यरोधचा प्रयोग नेमका त्या फाट्यावर उभा आहे.

टेकडीवाला · बुधवार, सकाळी ८:१५

पण उडी आणि दोन गॅप या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या ना? उडी मारली तर सगळीच फिल्म मारेल. अर्धी इकडे अर्धी तिकडे का?

गणिती · बुधवार, रात्री ८:५०

योग्य जागी बोट ठेवलंस.

चँग आणि स्कालापिनो यांनी १९७४ मध्ये याचंच उत्तर दिलं. पुण्याचा रस्ता घ्या. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात डांबरावर नुसता उथळ खोलगटपणा असतो. पाणी तिथे साचतं. गाड्यांच्या चाकांनी ते उसळतं, खडी सुटते, खोली वाढते, आणखी पाणी साचतं. दोन आठवड्यांत शेजारचा रस्ता कोरडा आणि इथे टोपलीएवढा खड्डा.

फिल्ममध्येही तसंच. एका जागी योगायोगाने क्वासीपार्टिकल जरा जास्त झाले. तिथला गॅप जरा उतरला. गॅप कमी म्हणजे तिथे राहायला ऊर्जा कमी लागते, म्हणून आजूबाजूचे क्वासीपार्टिकल तिकडे ओघळतात. गॅप आणखी उतरतो. एरवी विसरणाने, म्हणजे कणांच्या आपोआप पसरण्याने, गर्दी पांगते, इथे विसरणच गर्दी वाढवतं. एकसारखी फिल्म आपोआप डागाळते. १९७७ मध्ये स्कालापिनो आणि ह्यूबरमन यांनी ही डागाळलेली अवस्था कशी सुरू होते ते मांडलं.

त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये डाइन्स, नारायणमूर्ती आणि गार्नो यांनी असंतुलित फिल्म जागोजागी वेगळी होते याचा पुरावा दिला. वेंकटेश नारायणमूर्ती मूळचे आपल्याकडचेच, भारतात शिकून तिकडे गेलेले. हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभ्या उभ्या संपवला होता.

खोडदकर · बुधवार, रात्री ९:२०

खड्ड्याचं उदाहरण पटलं, पण एक शंका. खड्ड्यातलं पाणी कुठे जात नाही. क्वासीपार्टिकल मात्र परत जुळून नाहीसे होतात. जुळायला दोघे लागतात, म्हणजे गर्दी दुप्पट झाली की जुळण्याचा वेग चौपट. मग गर्दीची जागा स्वतःच लवकर रिकामी व्हायला नको का? हा तर स्थैर्याचा मार्ग झाला.

गणिती · बुधवार, रात्री १०:१०

उत्तम हरकत. ती बरोबरच आहे, आणि म्हणूनच थोड्या रेट्याला अस्थिरता दिसत नाही. ओघळण्याचा वेग जुळण्याच्या वेगावर मात करेल तेव्हाच डाग टिकतो.

यात फोनॉनही येतात. दोन क्वासीपार्टिकल जुळले की ऊर्जा फोनॉनच्या रूपाने बाहेर पडते, आणि तो फोनॉन फिल्मबाहेर निसटण्याआधी दुसरी जोडी फोडू शकतो. रॉथवॉर्फ आणि टेलर यांनी १९६७ मध्ये हे मांडलं. म्हणजे जुळणं झालं तरी हिशोब संपत नाही, फोनॉन बाहेर पडेपर्यंत तीच ऊर्जा फिरत राहते. म्हणून फिल्मची जाडी आणि खालच्या काचेशी तिचं जुळणं फार महत्त्वाचं.

आता गंमत बघा. डागातला गॅप लहान, तेव्हा तिथे जुळणाऱ्यांच्या बहुतेक फोनॉनांची ऊर्जाही कमी. असा फोनॉन शेजारच्या मोठ्या गॅपच्या भागात गेला तर तिथली जोडी फोडायची त्याची ताकदच नाही. उलट त्या भागात सुटलेला फोनॉन डागात आला तर आरामात जोडी फोडतो. व्यवहार एकतर्फी आहे, डागाला मिळतं जास्त आणि त्याच्याकडून जातं कमी.

खोडदकर · बुधवार, रात्री १०:३०

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. धन्यवाद.

नळस्टॉप · बुधवार, रात्री १०:४१

खोडदकर, तुम्ही दुर्बिणीजवळ राहता ना? तिथे वापरतात का अतिवाहक?

खोडदकर · गुरुवार, सकाळी ६:५०

नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, पण ती मीटर आणि डेसिमीटर लांबीच्या लहरी ऐकते, तिथे साध्या ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर पुरतात. मिलिमीटर लहरींच्या दुर्बिणींत मात्र, म्हणजे चिलीतल्या आल्मामध्ये, शून्यरोधच्या जंक्शनची भावंडं मिक्सर म्हणून, म्हणजे लहरींची वारंवारता खाली आणायला, बसवलेली असतात.

चुंबकीय · गुरुवार, सकाळी ११:३०

मी एमआरआय यंत्रांची देखभाल करतो. आमच्याकडे क्वेंच होतं ते हेच का? तारेचा एक ठिपका अतिवाहकता सोडतो, तापतो, शेजाऱ्याला तापवतो आणि काही सेकंदांत अख्खं चुंबक जातं. एका रुग्णालयात मी स्वतः अनुभवलंय. आधी बारीक थरथर, मग छतावरच्या नळीतून जेट विमानासारखा आवाज आणि पांढरा लोट. एक लिटर द्रव हेलियमचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो. ती नळी तुंबलेली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. तेव्हापासून प्रत्येक भेटीत पहिली तपासतो ती नळी.

हेलियमकाका · गुरुवार, दुपारी ४:००

चुंबकीय, नळी तपासतोस हे ऐकून बरं वाटलं. ती सवय सोडू नकोस.

क्वेंच हे चुलत भावंड. तिथे कर्तेपण सरळ उष्णतेचं. तारेला रोध आला, प्रवाहाने ती तापली आणि आग पसरावी तसा सामान्य भाग पसरला. शून्यरोधचे दोन्ही भाग अतिवाहकच आहेत, फक्त गॅप वेगळे. पण तुझ्या प्रश्नाने तिची खरी अडचण समोर आणली. तिची फिल्म नुसती तापली नाही कशावरून?

शून्यरोध · गुरुवार, रात्री ११:२०

आज गुरुवार, दिवसभर वीज नव्हती. हेलियम परत गोळा करणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणून मापन नाही. तेवढ्या वेळात जुना आलेख मोठा करून बघितला.

काका, खांदा आहे. शून्य इंजेक्शनलाही ०.३६ च्या उजवीकडे, अगदी पुसट, पण आहे. माझी वरची पायरी, म्हणजे ०.३४ ची, बहुधा कडेचीच.

तीन आठवडे ज्याला शोध समजत होते ती मास्कची सावली निघाली. रडू आलं, खरं सांगते.

शनिवारपेठी · गुरुवार, रात्री ११:३५

बाळ, रडून घे आणि झोप. सावली कुठे पडते ते कळलं, हेही शिकणंच आहे.

हेलियमकाका · शुक्रवार, सकाळी ५:४५

अगं, 'बहुधा' म्हणतेयस ना, मग अजून काहीच संपलेलं नाही. आता तीन कामं कर. कडा झाक हे पहिलं. दुसरं म्हणजे क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं भांडं) मुद्दाम तापव आणि इंजेक्शनशिवाय आलेख काढ. तुझा लहान गॅप ०.१३ आहे, मूळच्या ०.१८ च्या पाऊणपट धर. ॲल्युमिनियम समतोलात साधारण ०.९५ केल्विनला तिथे पोचतं. त्या तापमानाचा आलेख आणि इंजेक्शनचा आलेख एकावर एक ठेव. फिल्म नुसती तापली असेल तर गॅपच्या खालचा प्रवाहसुद्धा जुळेल. जुळला नाही, तर क्वासीपार्टिकलांची वाटणी तापमानाने ठरलेली नाही. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, फक्त एक रात्र लागते.

गणिती · शुक्रवार, सकाळी ९:००

तिसरं मी सांगतो, काका रागावणार नाहीत. वरची फिल्म ॲल्युमिनियमची का ठेवली आहेस? मधल्या फिल्मचे फोनॉन ऑक्साइडमधून सहज वर जातात आणि तिथल्याही जोड्या फोडतात. म्हणजे मोजपट्टीच आकसतेय. वर शिसं चढव. त्याची जोडी फोडायला सुमारे २.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, ॲल्युमिनियममधल्या जुळणीचे ०.३६ चे फोनॉन तिला हातही लावू शकत नाहीत. खालच्या जंक्शनचा व्होल्टेज २.७ मिलिव्होल्टच्या आत ठेव म्हणजे झालं.

हेलियमकाका · शुक्रवार, सकाळी ९:२०

रागावेन कशाला! माझं तिसरं हेच होतं. शिसं चढवल्यावर लगेच मोज, हवेत ठेवलंस तर काळं पडेल.

टेकडीवाला · शनिवार, संध्याकाळी ६:३०

वेताळ टेकडीवर चालताना हाच विचार डोक्यात होता. क्वांटम संगणकाच्या बातम्यांत 'क्वासीपार्टिकल पॉयझनिंग' असं वाचलं होतं. तेच का हे? आणि हे सगळं उपयोगाचं किती?

गणिती · शनिवार, रात्री ९:१५

तेच कण, पण खूप कमी संख्येत. तिथे अस्थिरतेची पाळी येत नाही, चुकार क्वासीपार्टिकल क्यूबिटमधून (क्वांटम संगणकाच्या मूलघटकातून) टनेल झाला तरी माहिती बिघडते. त्यावर एक उपाय म्हणजे शेजारी लहान गॅपचा धातू ठेवणं, क्वासीपार्टिकल ओघळून तिथे अडकतात. हा सापळा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून किरणशोधकांमध्ये वापरात आहे. म्हणजे आपला खड्डा, पण मुद्दाम खणलेला.

आणि एकेक फोटॉन मोजणारी नॅनोतार २००१ मध्ये आली. तिथेही एक फोटॉन पडतो, त्या जागी क्वासीपार्टिकलांचा पूर येतो आणि क्षणभर तार रोध दाखवते. असमतोल बिघडवतो तसा कामालाही येतो.

याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे योग्य मायक्रोवेव्ह टाकली तर अतिवाहकता वाढते. प्रयोगात १९६६ च्या सुमाराला दिसलं, १९७० मध्ये एलियाशबर्गनी कारण सांगितलं : पंगतीच्या तोंडाशी बसलेले एकटे उचलून मागे नेले की पाट जोड्यांना मोकळे होतात.

नळस्टॉप · शनिवार, रात्री ९:३०

यजमानाने आग्रह करून आतल्या खोलीत नेऊन बसवले म्हणायचे!

गणिती · शनिवार, रात्री ९:३३

अगदी तेच.

नवीन_सदस्य · पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:००

शून्यरोध ताई, पुढे काय झालं? मी रोज धागा उघडून बघते.

शून्यरोध · रविवार, रात्री ८:४५

उशीर झाला, माफ करा. दोन सॅम्पल वाया गेली. एकात ऑक्साइडला भोक पडलं, दुसऱ्यात शिशाचा थर सोलून निघाला. तिसरं टिकलं. कडा सिलिकॉन मोनॉक्साइडने झाकलेल्या, वर शिसं. इंडियमचा मणी तारेच्या टोकावर दाबताना हात थरथरत होता.

शून्य इंजेक्शनला पायरी १.५३ मिलिव्होल्टला. १.३५ शिशाचे, ०.१८ ॲल्युमिनियमचे. एकच, धारदार, खांदा नाही. तो आलेख मी आधी पाच वेळा काढला, मगच पुढे गेले.

मग इंजेक्शन हळूहळू वाढवलं. पायरी सरकत सरकत १.५१ ला आली. एकटीच. मला वाटलं, संपलं, पार्करचं मॉडेल जिंकलं. पुढचा टप्पा लावला आणि पायरीच्या मधोमध एक सपाटी आली. आणखी एक टप्पा, आणि दोन पायऱ्या स्वच्छ वेगळ्या, १.५१ आणि १.४८. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, लॅबमध्ये मी आणि पंपाचा आवाज, बाकी कोणी नाही.

त्यानंतर जे दिसलं ते मी कल्पिलंही नव्हतं. इंजेक्शन आणखी वाढवलं तर पायऱ्या जागच्या हलेनात. फक्त १.५१ ची उंची कमी होत गेली आणि १.४८ ची वाढत गेली. उतरताना दोन्ही पुन्हा एक झाल्या, पण चढताना फुटल्या होत्या त्याहून कमी प्रवाहाला. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

काकांची परीक्षाही झाली. ०.९५ केल्विनला इंजेक्शनशिवाय पायरी एकच, १.४८ ला. पण १.४८ च्या खालचा प्रवाह इंजेक्शनच्या आलेखाशी जुळत नाही. दोन गॅपच्या वजाबाकीपाशी जो उंचवटा येतो त्याची उंची आणि आकार दोन्ही वेगळे.

गणिती · रविवार, रात्री ९:१०

जागा कायम आणि उंची बदलते! पायरीची उंची म्हणजे त्या गॅपच्या भागाचं क्षेत्रफळ. म्हणजे दोन अवस्था ठरलेल्या आहेत आणि रेटा वाढवल्यावर एकीचा प्रदेश दुसरीत जातोय. बर्फ आणि पाणी शेजारी असताना उष्णता दिली तर तापमान बदलत नाही, बर्फाचा वाटा बदलतो, तसं. आणि चढता-उतरताना वेगळा प्रवाह, म्हणजे उडीची खूण. हात जोडतो तुला.

खोडदकर · रविवार, रात्री ९:२५

अभिनंदन! तरी विचारतो, कारण विचारलं पाहिजे. ऑक्साइडचा थर एका बाजूला पातळ असेल तर इंजेक्शन तिकडे जास्त जाईल. मग तो भाग जास्त दबणारच. यात अस्थिरता कुठे आली?

शून्यरोध · रविवार, रात्री ९:५०

हा प्रश्न मलाही सतावतोय. असमान इंजेक्शन असतं तर दोन्ही गॅप रेट्याबरोबर सरकत राहिले असते आणि चढता-उतरताना फरक पडला नसता, असं माझं उत्तर. पण असमान थराने डागाची जागा ठरवली आणि अस्थिरतेने डाग वाढवला, असं दोन्ही मिळून असू शकतं. ते नाकारायला माझ्याकडे आज काही नाही.

हेलियमकाका · रविवार, रात्री १०:००

उत्तर फिल्मलाच विचार. एका मोठ्या जंक्शनऐवजी वर शिशाच्या बारीक बारीक पट्ट्या टाक, प्रत्येक पट्टी आपापल्या जागेचा गॅप सांगेल. मग सॅम्पल तापवून परत थंड कर. डाग दर वेळी त्याच पट्टीखाली उगवला तर थराचा दोष. जागा बदलत राहिला तर फिल्म स्वतःच्या मनाने फुटतेय.

शून्यरोध · रविवार, रात्री १०:०८

काका! पट्ट्यांमधलं अंतर किती ठेवू? क्वासीपार्टिकल जुळण्याआधी माझ्या फिल्ममध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं अंतर जातो असा हिशोब निघतोय. डाग त्याहून लहान नसावा.

हेलियमकाका · रविवार, रात्री १०:१२

मग पट्टी पन्नास मायक्रॉन, मधली जागा पन्नास. मास्क स्टीलच्या पातळ पत्र्याचा हवा आणि काचेला अगदी चिकटून बसला पाहिजे. सावली लक्षात आहे ना?

नळस्टॉप · रविवार, रात्री १०:२०

भोसरीला माझ्या मित्राचं लेसर कटिंगचं वर्कशॉप आहे. पन्नास मायक्रॉनची चीर जमेल का ते उद्या सकाळी विचारतो. ताई, पत्र्याची जाडी आणि ड्रॉइंग निरोपात पाठव.

शून्यरोध · रविवार, रात्री १०:२४

पाठवलं. बारा पट्ट्या आहेत. गुरुवार सोडून कधीही आणायला येईन.